डिस्प्लेच्या कामात करिअर करायचंय, कोल्हापुरातनं सुरुवात कशी करू?

सातवी_गल्ली

नमस्कार. मी बी.कॉम. केलंय, वय २४, दोन वर्षं झाली राजारामपुरीत एका रेडिमेडच्या दुकानात सेल्सला आहे. काम काउंटरचं, पण शोकेसमधल्या डमींचे कपडे बदलायला बाकी कुणाला वेळ नसतो म्हणून ते हळूहळू माझ्याकडंच आलं आणि आता माझा सगळा जीव त्यातच लागलाय. मागच्या महिन्यात मालकांना विचारून सातपैकी चार डमी काढून टाकले, तीनच ठेवले, आणि चार महिने कपाटात पडून असलेला मोहरी रंगाचा कुर्ता मधल्या डमीला मरून ओढणीबरोबर घातला. आठ दिवसांत अकराच्या अकरा पीस गेले! गिऱ्हाईक आत येऊन बोट दाखवून तोच मागत होतं.

याला व्हिज्युअल मर्चंडायझिंग म्हणतात आणि त्यात नोकऱ्या असतात हे मला नंतर कळलं. आई म्हणते डमीला कपडे घालायचं कसलं करिअर, बँकेच्या परीक्षा दे. मला खरंच हे करायचंय. कोर्स नसेल तर कोण घेतं का? पुण्या-मुंबईला जावंच लागतं का? आणि एक, आमचं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारी तीननंतर काचेत समोरच्या रिक्षा आणि वडापावची गाडीच दिसते, आतलं काहीच नाही. यावर काय करू?

शिडीवरची

मी कसबा बावड्याची, नऊ वर्षं या कामात, सध्या पुण्यात एका चेन ब्रँडकडं एरिया व्हीएम आहे, म्हणजे एका भागातल्या दुकानांचं व्हिज्युअल मर्चंडायझिंग बघते. आधी ती कुर्त्याची गोष्ट लिहून ठेव, आजच. शोकेस आधी कशी होती, नंतर कशी, किती पीस होते, किती दिवसांत गेले. फोटो असतील तर शोध, नसतील तर पुढच्या वेळेपासनं प्रत्येक बदलाचे आधीचे आणि नंतरचे काढ, रस्त्याच्या पलीकडनं एक आणि काचेजवळनं एक. अशा दहा गोष्टी झाल्या की तुझा पोर्टफोलिओ तयार. मी इंटरव्ह्यू घेते तेव्हा छान सजवलेले फोटो सगळेच दाखवतात, पण त्यानं माल किती हलला हे सांगणारं शंभरात एखादं भेटतं आणि मी त्यालाच घेते. तू बी.कॉम. आहेस म्हणून घाबरू नको, उलट एक्सेल येत असेल तर ते इथं फार उपयोगाचं आहे कारण आलेल्या मालापैकी किती टक्के गेला हे दर आठवड्याला बघूनच आम्ही रॅक हलवतो.

आता काम कसं असतं ते स्पष्ट सांगते. चेन स्टोअरमध्ये हेड ऑफिसकडनं गाइडलाइन येते, प्लॅनोग्राम येतो, म्हणजे कुठल्या भिंतीवर कुठला रंग, किती पीस लटकवायचे, किती घडी करून ठेवायचे सगळं ठरलेलं. सुरुवातीची दोनतीन वर्षं तुझं काम ते जसंच्या तसं उभं करायचं, स्वतःची कल्पना नंतर. सीझन बदलताना रात्री दुकान बंद झाल्यावर सुरू करायचं ते पहाटेपर्यंत चालतं, शिडी, स्टीमर, डमी उचलणं सगळं आपणच. डमीला पँट आधी घालायची, हात काढून वरचा कपडा, मग हात लावायचे, मागं पिना मारून फिटिंग आणायचं, आणि सिल्कला पीन न लावता क्लिप लावायची, भोक पडलं तर तो पीस विकता येत नाही. पहिल्या वर्षी पाठ आणि पाय लई दुखतात. पगारही सुरुवातीला सेल्सपेक्षा फार जास्त नसतो, स्टोअर व्हीएमवरनं एरियाला गेलं की फरक पडतो.

कोर्स म्हणशील तर खारघरला निफ्ट म्हणजे फॅशनची सरकारी संस्था आहे, तिथं फॅशन कम्युनिकेशनच्या चार वर्षांच्या डिग्रीत हा विषय येतो, पण प्रवेश परीक्षा आहे आणि वयाची अटही असते. तुझ्या जागी मी असते तर आता चार वर्षं घातली नसती. इथल्याच एखाद्या चेन स्टोअरमध्ये सेल्सला लाग, पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला सांग की व्हीएमच्या रात्री मला थांबायचंय. मी अशीच आत आले. सोबत स्केचअप आणि फोटोशॉप शिकून घे, शोकेस आधी कॉम्प्युटरवर उभी करून दाखवता आली पाहिजे.

पदर_काठ

महाद्वार रोडला आमचं साडीचं दुकान आहे, तिसरी पिढी. पोरी, तू सातातले चार डमी काढलेस ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण आमच्या शोकेसमध्ये वडिलांच्या वेळेपासनं चाळीस साड्या लावलेल्या असायच्या आणि गिऱ्हाईक एकीकडंही नीट बघत नसे. मी लाइटाबद्दल सांगतो. बायका साडी हातात घेऊन दाराशी जायच्या, उजेडात रंग बघू म्हणायच्या. वर्षानुवर्षं मला वाटायचं ही सवय आहे. चूक आमच्या ट्यूबलाइटची होती, आत जांभळा दिसणारा रंग बाहेर वांगी निघायचा. लाइट घेताना सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वरचा माग, आणि रंग ३००० ते ४००० केल्विनमधला, अगदी पांढराफेक नको. ते बदलल्यावर दाराशी जाणं निम्म्यानं कमी झालं.

आणि सगळीकडं सारखा उजेड पाडू नये. अंबाबाईचा किरणोत्सव बघितलायस ना, मावळतीचे किरण महाद्वारातनं आत येतात आणि देवीच्या चरणापासनं वर मुखापर्यंत सरकतात तेव्हा गाभाऱ्यात दुसरीकडं कुणाची नजर जात नाही. शोकेसमध्ये दिवा जिथं पडेल तिथंच माणूस बघतो, तो साडीच्या काठावर पाड.

मागं एकदा डेकोरेशनवाला बोलावला होता, त्यानं इतकी फुलं लावली की पैठणीचा पदरच झाकला गेला. मला सजावट करणारा नको, साडी दाखवणारं माणूस पाहिजे, आणि ते गावात मिळत नाही. महिन्यातनं दोनदा येऊन करशील का? पैसे देईन. तुझ्या मालकांना सांगून मात्र ये, लपवून नको.

उद्यमनगर_वेल्डर

काचेचं मी सांगतो ताई, शोकेसचे स्टँड आणि पार्टिशन करतो मी. बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा जास्त झाला की काचेचा आरसा होतो आणि मागचा पडदा काळा किंवा गडद असला तर आणखीच. पडदा फिक्या रंगाचा कर, डमी काचेपासनं फूट-दीड फुटावर आण, स्पॉट वरनं पुढच्या बाजूनं तिरका मार, आणि बाहेर छज्जा काढायला लाव. काळी फिल्म अजिबात नको, संध्याकाळी दुकान बंद असल्यासारखं दिसतं. एवढं करूनही तीन ते पाच थोडं राहणारच, पण रात्रीचं धर की, जेवून लोक फिरायला बाहेर पडतात तेव्हा काच एकदम स्वच्छ दिसते, मालकांना शटर जाळीचं करून दिवे अकरापर्यंत चालू ठेवायला सांग. लंडनला सेल्फ्रिजनं १९०९ ला दुकान काढलं तेव्हा रात्रीही शोकेसचे दिवे चालू ठेवले होते. आणि पश्चिमेचं ऊन आहे म्हणजे कपडा विटतो, आठ-दहा दिवसांत पीस बदलत जा.

आईंना एक सांगा. आपले बाबूराव पेंटर सिनेमा काढायच्या आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. शोकेसचं काम त्याच जातीचं आहे, या गावाला ते नवं नाही. सामान पण इथंच, लोखंड आमच्याकडं, मातीचं नि लगद्याचं काही लागलं तर कुंभारांकडं, गणपती झाले की त्यांना वेळ असतो.

सातवी_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार, आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही पण बाबूराव पेंटरांचं दोनदा वाचायला लावलं. काका, मालकांशी बोलले, आमच्याकडं साडी नसते त्यामुळं त्यांची हरकत नाही. मी येते. पण नऊवारी डमीला नेसवायला मला येत नाही, ते आधी शिकून घेऊ का?

पदर_काठ

आमच्याकडं एक मावशी आहेत, तीस वर्षं नेसवतात. त्या शिकवतील. सकाळी अकराच्या आत ये, गर्दी नसते. पत्ता खासगी मेसेजमध्ये पाठवलाय.

शिडीवरची

मेजरिंग टेप बरोबर ने. आणि काहीही हलवायच्या आधी फोटो काढ!