शब्द हवा : कृष्णविवराचा 'स्फोट' की 'उद्रेक'?

संपादिका : २०२० सालच्या बातमीचं भाषांतर तपासतेय. भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेचा, ३९ कोटी प्रकाशवर्षं लांबचा दीर्घिकासमूह. भाषांतरकाराने तिथल्या कृष्णविवराच्या 'आउटबर्स्ट'ला 'महास्फोट' केलंय. ठेवू का?

दुर्बीणवाला : अजिबात नको. 'महास्फोट' विश्वाच्या आरंभासाठी रुजलाय. त्यात त्या बातमीचा मथळाच होता 'बिग बँगनंतरचा सर्वांत मोठा स्फोट'. म्हणजे तुमच्याकडे महास्फोटानंतरचा महास्फोट होणार!
शिवाय इथे फुटत काहीच नाही. कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या द्रव्यातलं थोडं आत न पडता जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोतांतून बाहेर फेकलं जातं, आणि हे लाखो-कोट्यवधी वर्षं चालतं. 'उद्रेक' घ्या. पित्ताचा असो की ज्वालामुखीचा, उद्रेक शमतो आणि पुन्हा होतो. तेच हवंय.

संपादिका : उद्रेक पक्का. पुढचं वाक्य, 'उद्रेकामुळे वायू तापतो'. पण समूहातल्या दीर्घिकांमधला हा वायू आधीच कोट्यवधी अंश तापलेला ना?

भटक्या : 'निवत नाही' लिहा. चहा निवला म्हणजे त्याचा बर्फ झाला असं नाही. हा वायू क्ष-किरणांवाटे उष्णता गमावत असतो. गणिताप्रमाणे मोठ्या समूहांत तो निवून मध्यभागी साचायला हवा आणि दरवर्षी शेकडो सूर्यांइतके तारे घडायला हवेत. तेवढे घडताना दिसत नाहीत. गेलेली उष्णता उद्रेक भरून काढतात.

दुर्बीणवाला : 'निवणे' झकास! कसं भरून काढतात त्याचा नमुना ययाती तारकासमूहाच्या दिशेचा दीर्घिकासमूह. मध्ये एनजीसी १२७५ दीर्घिका, तिच्या झोतांनी वायूत फुगवलेले बुडबुडे आणि त्यांच्याभोवती लहरी. २००३ मध्ये केंब्रिजच्या अँड्र्यू फेबियन यांच्या गटाने 'चंद्रा' या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रांवरून त्या ध्वनिलहरी असल्याचं सांगितलं. स्वर पियानोच्या मधल्या 'सी'च्या ५७ सप्तकं खालचा, सी पट्टीत कोमल निषाद. एका आवर्तनाला सुमारे एक कोटी वर्षं! वायूला उष्णता लहरींतून किती मिळते आणि खळबळीतून किती, हा वाद मात्र चालू आहे.

संपादिका : तुम्ही बुडबुडा म्हणता, माझ्या मजकुरात 'पोकळी' आहे.

दुर्बीणवाला : क्ष-किरणांच्या चित्रात पोकळीच दिसते. रेडिओ दुर्बिणीतून पाहिलं तर आत वेगवान इलेक्ट्रॉन भरलेले. तुमच्या बातमीचा सगळा जीव यातच आहे. २०१६ मध्ये 'चंद्रा' दुर्बिणीच्या चित्रात वायूची वळलेली कड दिसली होती; पण एवढी पोकळी करायला लागणारी ऊर्जा अवाच्या सवा निघाली, म्हणून उद्रेकाची शक्यता बाजूला पडली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींत त्या कडेला लागूनच रेडिओ उत्सर्जन सापडलं. म्हणजे ती पोकळी उद्रेकाचीच ठरली.

भटक्या : मग आधी 'पोकळी' आणि रेडिओचा भाग आला की 'बुडबुडा'. आणि खोडदचं नाव कापू नका हं, जागा कमी पडली तरी.