ताप उतरतो, पण आधी रक्त थांबवा

‘रक्त चढवताना थोडा ताप येतोच, पॅरासिटामॉल दिलं की उतरतो’ असं वर दोघांनी लिहिलंय. बहुतेक वेळा उतरतो, खरं आहे. पण हा ताप साधाच आहे हे आधी कसं कळणार? चुकीच्या गटाचं रक्त गेलं किंवा पिशवीतच जंतू असले, तरी सुरुवात तापानं आणि हुडहुडीनंच होऊ शकते. म्हणून आधी रक्त बंद, मग औषध. सुई काढायची नाही, नव्या सेटनं (नळीनं) सलाईन चालू ठेवायचं, डॉक्टरांना बोलवायचं, पिशवीवरचं नाव आणि गट पुन्हा ताडायचा आणि पिशवी सेटसकट ब्लड बँकेत परत.

मी नाशिकला मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. डिसेंबरातली रात्र, सुरगाण्याकडची चार वर्षांची मुलगी, हिमोग्लोबिन फक्त 4, म्हणजे फारच कमी. रक्त लावून दहा मिनिटं झाली असतील, ती कुडकुडायला लागली. आईनं गोधडी गळ्यापर्यंत ओढली, म्हणाली, "गारठा लई आहे ना ताई." आपल्याकडच्या थंडीत कुणालाही तेच वाटलं असतं. पण हात लावला तर पावलं गार आणि कपाळ तापलेलं. लगेच रक्त थांबवलं. तपासणीत साधीच रिअ‍ॅक्शन निघाली, पण ते नंतर कळलं.

चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर कंबरही दुखू शकते, पण लहान मूल ‘कंबर दुखतेय’ असं सांगत नाही, नुसतं किरकिरतं. त्यामुळे पहिली 15 मिनिटं मी खाटेजवळून हलत नाही, आणि आईलाही सांगून ठेवते: अंगावर गांधी, धाप, लाल लघवी, काहीही दिसलं तर हाक मारा.