'एनहार्मोनिक' आणि 'टेंपरामेंट': मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: सी शार्प आणि डी फ्लॅट हे एनहार्मोनिक स्वर, म्हणजे नावं दोन पण पेटीवर पट्टी एकच. त्यांना 'समध्वनी' म्हटलं तर चालेल? आणि 'टेंपरामेंट'ला, म्हणजे वाद्य लावताना स्वर शुद्ध जागेवरून थोडे हलवण्याच्या पद्धतीला, 'स्वरमेळ'?

उत्तर: 'समध्वनी' पेटी-पियानोपुरताच खरा. तिथे दोघांचं काम एकच पट्टी करते. आपण तिला 'काळी एक' म्हणतो, म्हणजे नाव पट्टीचं, स्वराचं नाहीच. पाव-कॉमा मीनटोन या जुन्या युरोपीय लावणीत (पंचम थोडे कमी करून गंधार शुद्ध ठेवणारी) मात्र सीपासून सी शार्प ७६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग) आणि डी फ्लॅट ११७ वर येतो. ४१ सेंटचा हा फरक कुणाच्याही कानाला टोचेल. म्हणूनच जुन्या काही हार्पसिकॉर्डवर काळी पट्टी आडवी चिरून तिचे दोन स्वर केलेले असत. शुद्ध पंचमांनी चढत-उतरत गेलात तर गणित उलटतं: सी शार्प ११४, डी फ्लॅट ९०. मी 'द्विनामी स्वर' म्हणेन.

आणखी एक वाचक: 'द्विनामी' पटलं. कर्नाटक पद्धतीत १२ स्वरस्थानांना १६ नावं आहेतच. चतुःश्रुती ऋषभ आणि शुद्ध गांधार एकाच जागी बसतात. हिंदुस्तानीत सा अचल, त्यामुळे 'तीव्र सा' असं नावच नाही आणि हा पेच पडत नाही.

उत्तर: 'स्वरमेळ' नको, तो हार्मनीसाठी वापरला जातो. टेंपरामेंट म्हणजे सरळ 'तडजोड'. १२ शुद्ध पंचम (प्रत्येकी ७०१.९६ सेंट) ७ सप्तकांपेक्षा २३.५ सेंटनी जास्त भरतात. ती वाढ कुठेतरी जिरवावीच लागते. ११ पंचम शुद्ध ठेवले तर सगळी तूट बाराव्याच्या गळ्यात, तो ६७८.५ वर येतो आणि गुरगुरतो. सम तडजोडीत प्रत्येकाकडून दोनेक सेंट कापतात.

वाद्य लावताना ४४० हर्ट्झच्या ए स्वरावर ई आधी ६६० ला शुद्ध मिळवा, मग हलकेच उतरवून सेकंदाला दीड हेलकावा (दोन स्वर नेमके न जुळल्याने आवाजात येणारा चढउतार) ऐकू आला की थांबा (६५९.२६). याच ए स्वरावरचा गंधार, म्हणजे सी शार्प, कानाला शुद्ध करायला जाऊ नका. शुद्ध ५५०, सम तडजोडीत ५५४.३७, सेकंदाला सतरा हेलकावे, ही खरखर सोसायचीच. तिथे कानाचं ऐकलंत की पुढचे पंचम बिघडत जातात.

प्रश्नकर्ता: मग नोंद अशी: 'द्विनामी स्वर: तडजोडीमुळे एका पट्टीवर आलेले दोन स्वर.'

उत्तर: 'सम तडजोडीमुळे' लिहा. मीनटोन हीही तडजोडच, आणि तिथे ते दोन वेगळे आहेत.