गावच्या पाककृतींच्या वहीत ग्रॅम लिहावेत की खुणा?

आर्वीकडची माय (मूळ मांडणी)

आमच्या गावच्या महिला बचत गटाने या उन्हाळ्यात जुन्या बायकांना विचारून पुरणपोळी, रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे), कोहळ्याची बोंडे, सरगुंडे, कुरड्या, सांबारवडी आणि लांब रोटी या पदार्थांची एक वही करायला घेतली आहे, आणि पहिल्याच पानावर वाद पडला आहे. लिहिणाऱ्या मुलींचा आग्रह असा की प्रत्येक जिन्नसापुढे ग्रॅम आणि प्रत्येक कृतीपुढे मिनिटे असावीत. माझे म्हणणे असे की आकडे लिहूच नयेत. पदार्थ झाला हे ज्या खुणेवरून कळते ती खूण लिहावी.

कुरडयांचेच पाहा. मी एका वर्षी छापील कृतीप्रमाणे गहू रोज पाणी बदलून बरोबर तीन दिवस भिजवले. मे महिना होता, पारा 45 अंशांच्या घरात होता आणि माठाशेजारी ठेवलेल्या पातेल्यातले पाणीसुद्धा दुपारी कोमट लागत होते. तिसऱ्या दिवशी झाकण काढले तेव्हा आंबटाचा वास जाऊन कुजका वास येऊ लागला होता. चीक शिजवला तरी त्याला तार आली नाही आणि साच्यातून पडलेल्या कुरड्या वाळल्यावर तांबूस होऊन हातात मोडू लागल्या. चार किलो गहू गेले. शेजारच्या आजीने एवढेच म्हटले, "दिवस कायले मोजतं? गहू दाबून पाह्य, दूध निंघालं का झालं." फेब्रुवारीत ज्याला तीन दिवस लागतात, त्याला मे महिन्यात दोन दिवसही पुष्कळ होतात, कारण उष्णता वाढली की आंबण्याचा वेग वाढतो. आकडा हवामान ओळखत नाही, पण दाण्यातून निघणारे पांढरे दूध ते ओळखते.

कोहळ्याच्या बोंडांचेही तसेच आहे. लाल भोपळ्याला आम्ही कोहळे म्हणतो हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. त्याचा कीस गुळात शिजवायचा, पाण्याचा थेंब घालायचा नाही, आणि त्यात मावेल तेवढी कणीक घालून बोंडे तळायची. वेलीवरून नुकतेच काढलेले कोहळे पाणी सोडते आणि चार महिने आढ्याला टांगलेले कोरडे निघते. या दोघांना एकच वजनाची कणीक कशी सांगणार? पुरणपोळीचेही तसेच: पुरण झाले की नाही हे पळी त्यात उभी राहते की नाही यावरून कळते, आणि या खुणेला घड्याळ लागत नाही.

दर्यापूरची सून

माय, आपला मान राखून पूर्ण विरोध नोंदवते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरीसुद्धा येत नव्हती. सासूबाईंना विचारले की डाळीला गूळ किती, तर उत्तर यायचे, "अंदाजानं." मीठ किती, मोहन किती, कणकेत पाणी किती, सगळ्याला तेच उत्तर. सहा वर्षांनी मला कळले की त्या स्वतः एक पितळी पेला काठोकाठ भरून डाळ आणि त्याच पेल्याने शीग लावून चिरलेला गूळ घेत होत्या. म्हणजे माप होते, फक्त ते मला सांगितलेले नव्हते. ज्या घरात स्वयंपाकघर हीच बाईच्या हातातली एकमेव सत्ता असते, तिथे 'अंदाज' हा शब्द किल्लीसारखा कमरेला लावला जातो, आणि सून त्या किल्लीची वाट पाहत म्हातारी होते. मी सासूबाईंना दोष देत नाही. त्यांच्या सासूनेही त्यांना तसेच वागवले असेल.

आपण म्हणता की पळी उभी राहते ती खूण. मान्य. पण पहिल्या खेपेला माझी पळी उभी राहिली ती पुरण कोरडे ठाक होऊन भगराळ झाल्यावर, आणि लाटताना पोळी जागोजागी फाटली. खूण ओळखायला आधी दहा वेळा योग्य पुरण पाहिलेले असावे लागते. ज्या मुलीची आई लवकर गेली किंवा जी वसतिगृहात वाढली, तिने ते कुठे पाहायचे? तिच्यासाठी आकडाच आई असतो. शिवाय आज आमच्या गटाच्या पुरणपोळ्या पोळ्याच्या सणाला विकल्या जातात. एक किलो डाळ आणि एक किलो गूळ घेतला की माझ्या हाताने 25 ते 27 पोळ्या निघतात, आणि हा हिशेब नसता तर कोणत्या भावाने विकायच्या हेच ठरले नसते.

मोर्शीचा रोडगेवाला

दोन्ही ताईंचे वाचले. मारुतीच्या पारावर दरवर्षी रोडग्यांचे जेवण होते आणि पीठ मळण्यापासून गोवऱ्या रचण्यापर्यंतचे काम आम्ही पुरुष करतो, म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार घेतो. 200 माणसांना 50 किलो पीठ लागते, म्हणजे माणशी पावशेर धरायचे; इथे अंदाज चालला तर शेवटच्या पंगतीला फक्त वांग्याची भाजी उरते. पण पीठ मात्र चक्कीवाल्याला सांगून जाडसरच दळून आणावे लागते, आणि जाडसर म्हणजे किती, हे तो आणि मी दोघेही चिमटीत पीठ चोळून ठरवतो. गोवऱ्यांचा जाळ संपून वर राख धरली आणि आत निखारा लाल राहिला की रोडगे टाकायचे. जाळ असताना टाकले तर वरून कोळसा आणि आतून कच्चे. याचे मिनिटांत काय लिहिणार? ओली गोवरी वेगळी, वाळलेली वेगळी, वारा सुटला तर आणखी वेगळे. एवढेच सांगायचे होते.

मूलकडची चूलवाली

मला तर वहीच पटलेली नाही. लांब रोटीचे पीठ वस्त्रगाळ करून इतके सैल भिजवतात आणि परातीत इतका वेळ आपटतात की ते हातावरून सरकायला लागते. मग ते दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत ताणायचे आणि उपड्या मडक्यावर टाकायचे. लोकवन गव्हाचे पीठ ताणते, प्रत्येक गहू ताणत नाही. हे ग्रॅममध्ये येणार नाही आणि खुणेतही येणार नाही. हे शेजारी बसूनच शिकावे लागते आणि पहिल्या वीस रोट्या चुलीत पडतात. जे लिहिता येते ते शिकण्यासारखे फारसे नसते.

निवृत्त गुरुजी, पुसद

मूळ मांडणीत एक समज आहे, तो दुरुस्त करावासा वाटतो. जुन्या बायका मापाविना रांधत होत्या, हे खरे नाही. माझ्या आजीच्या तोंडी चिपटे, मापटे, शेर आणि पायली हीच भाषा होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. दशमान मापांचा कायदा 1956 साली आला आणि पुढच्या काही वर्षांत बाजारातून शेर गेला, तशी घराघरांतली ही लाकडी व पितळी मापे अडगळीत गेली. माप हरवले आणि त्याच्या जागी 'अंदाज' हा शब्द राहिला, असे माझे मत आहे. सुनेने पितळी पेल्याची जी गोष्ट सांगितली, तिच्यात हेच दिसते. मात्र धान्य भरून मोजायचा शेर निराळा आणि तराजूवरचा 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा शेर निराळा, त्यामुळे जुन्या तोंडी कृतीतला 'शेर' सरसकट किलो धरून वहीत उतरवू नये. आजीने पेल्याने सांगितले असेल तर पेलाच लिहावा, कारण पुरणात महत्त्व प्रमाणाला आहे आणि ते पेल्याने घेतले तरी टिकते.

आर्वीकडची माय

गुरुजींचे म्हणणे मला लागले, कारण काल मी मुद्दाम आमच्या आजीकडे जाऊन बोंडांसाठी कोहळे किती घ्यायचे हे विचारले तेव्हा त्यांनी न विचार करता एका कळकट तांब्याकडे बोट दाखवले. सुनेचे तर खोडूनच काढता येत नाही. 'अंदाज' म्हणून टाळणाऱ्यांत मी स्वतःही होते, हे इथे कबूल करते. माझ्या धाकट्या जावेने दोनदा विचारले होते आणि मी दोन्ही वेळा हसण्यावारी नेले होते.

तरीही आकडा एकटा लिहायला माझा विरोध कायम आहे. ज्वारीच्या भाकरीचे उदाहरण घ्या. ताज्या दळलेल्या पिठाला जेवढे पाणी सांगाल, तेवढ्याच पाण्यात जुने, विरी गेलेले पीठ थापताना कडेने फाटते आणि मग त्याला उकळते पाणी घालून मळावे लागते. दोन्ही पिठांचे वजन काट्यावर सारखेच भरते. म्हणून पान असे लिहावे असे सुचवते की आधी प्रमाण द्यावे, मग खूण द्यावी, आणि खूण चुकली तर काय करायचे तेही द्यावे, कारण शिकणारीला खरी गरज तिथेच असते आणि छापील कृतीत नेमके तेच नसते. तीन दिवसांनी कुजलेल्या गव्हाचे पुढे काय करायचे हे मला कोणीच सांगितले नव्हते. (म्हशीला घातले. तिनेही तोंड फिरवले.)

चूलवालीशी मात्र मी सहमत नाही. जे लिहिता येत नाही ते लिहू नये हे ठीक, पण लांब रोटी टाकणाऱ्या बायका आमच्या पंचक्रोशीत आता तीनच उरल्या आहेत, आणि शेजारी बसायला त्यांच्याकडे कोणी येत नाही. पीठ वस्त्रगाळ असावे, गहू ताणणारा असावा, पीठ हातावरून सरकेपर्यंत आपटावे, एवढे तर आपण स्वतःच वर लिहिलेत की.

मूलकडची चूलवाली

ते वाद घालण्यासाठी लिहिले होते, शिकवण्यासाठी नव्हे. पण राहू द्या, घ्या वहीत.

दर्यापूरची सून

माय, चुकल्यावर काय करायचे ही कल्पना मला आवडली. मग बोंडांचे तेवढे पान आधी पूर्ण करा, कारण परवा माझ्याकडे ती तेलात पसरून नुसता गाळ झाला.

आर्वीकडची माय

लिहिते. आधी एकच बोंड तेलात सोडून पाहावे. ते पसरले तर मिश्रणात मूठभर कणीक घालावी आणि पुन्हा एकच सोडावे. फुलले नाही आणि आतून घट्ट दगड निघाले, तर कणीक जास्त झाली आहे. त्यात शिजवलेला कीस वाढवावा, पाणी घालू नये. बाहेरून लगेच काळे पडले तर तेल फार तापले आहे, कारण गूळ लवकर करपतो. कढई खाली उतरवून थोडा दम धरावा.

दर्यापूरची सून

मूठभर म्हणजे कोणाची मूठ, आपली की आपल्या जावेची, एवढे तेवढे कंसात लिहा.