युव्हेंतुस, युवा आणि काळेपांढरे पट्टे

इटलीतल्या तुरीनच्या प्रसिद्ध फुटबॉल संघाचं नाव मराठीत नाना तऱ्हांनी छापलेलं दिसतं. युव्हेंट्स, ज्युव्हेंटस, युवेंटस, क्वचित जुव्हेंटससुद्धा. यातलं जवळचं कोणतं? हे गावाचं नाव नाही, माणसाचंही वाटत नाही. 'युवा'शी काही नातं आहे, की नुसताच आवाज सारखा? शिवाय या संघाला 'ब्यांकोनेरी' म्हणतात, तो काय प्रकार आहे?

* * *

नातं आहे आणि अगदी सख्खं आहे. लॅटिनमध्ये 'युवेनिस' म्हणजे तरुण आणि 'युवेंतुस' म्हणजे तारुण्य, किंवा समूहाने घेतलं तर तरुणाई. संस्कृतातला 'युवन्' याच धातुकुळातला. लॅटिनमध्ये 'ज' हा उच्चार मुळात नव्हताच. तिथे 'य'साठी 'इ'चंच अक्षर वापरत. त्याला शेपूट देऊन वेगळं अक्षर केलं गेलं ते फार पुढे, आणि इंग्रजीने ते 'ज'सारखं वाचायला घेतलं. आपल्याकडचा 'ज्यु' तिथून आला. इटालियन माणूस मात्र आजही 'य'च म्हणतो, आणि त्याचा 'त' आपल्या त-थ-द-धमधलाच, दातांना जीभ लावून म्हटलेला. म्हणून माझं मत 'युव्हेंतुस'ला. 'युव्हेंट्स'मध्ये शेवटचा 'उ' गळतो आणि ते इंग्रजी अनेकवचन वाटायला लागतं.

या कुळाची भावंडं मोजायला बसलं तर मजा येते. लॅटिन 'युवेनिस'चं तुलनात्मक रूप 'युनिओर', म्हणजे अधिक तरुण. तोच आपला ज्युनिअर. संस्कृतात त्याच जागी 'यवीयान्' आहे, त्याच्या पुढची पायरी 'यविष्ठ', सर्वांत तरुण. ऋग्वेदात अग्नीला हे विशेषण लावलेलं आढळतं, कारण तो रोज नव्याने पेटतो. फारसीतला 'जवान'ही यातलाच आणि इंग्रजी 'यंग'सुद्धा. म्हणजे 'युवा', 'जवान' आणि 'ज्युनिअर' हे तिघे मराठीत तीन वेगवेगळ्या दारांनी आले. मराठीच्या घरात त्यांची ओळखपाळख नसल्यासारखी वागणूक असते, हा भाग वेगळा.

आता हे नाव संघाला का? 1897 साली तुरीनच्या मास्सिमो दाझेल्यो या शाळेतल्या मुलांनी हा क्लब काढला. तिथे लॅटिन शिकवलं जाई. साध्या इटालियनमध्ये तारुण्याला 'जोव्हेंतू' म्हणतात, पण पोरांनी पुस्तकातला भारदस्त शब्द उचलला. गंमत अशी, की त्याच्या आधी त्यांनी 'स्पोर्ट क्लब' हे इंग्रजी बिरुद जोडलं. त्या काळी इटलीत फुटबॉल म्हणजे इंग्रजांचा खेळ. जेनोवाच्या क्लबच्या नावात तर क्रिकेटही होतं, आणि मिलानच्याही.

* * *

वरच्या उत्तरात रंगांचं राहून गेलं. ब्यांकोनेरी म्हणजे पांढरे-काळे, सदऱ्यावरच्या उभ्या पट्ट्यांवरून. पण हे पट्टे जन्मापासूनचे नाहीत. सुरुवातीला ही मुलं गुलाबी सदरे घालत, गळ्यात काळा टाय! (टाय लावून फुटबॉल ही कल्पनाच आज झेपत नाही.) क्लबच्या इतिहासात असं सांगतात, की ते गुलाबी कापड धुऊन धुऊन इतकं विटलं, की नवे सदरे आणणं भाग पडलं. हे 1903 सालचं. संघात जॉन सॅव्हेज नावाचा एक इंग्रज होता. इंग्लंडहून सदरे मागवता येतील का, असं त्याला विचारलं. त्याचा तिकडचा मित्र नॉटिंगहॅमचा, आणि नॉट्स काउंटी या क्लबचा चाहता. त्याने आपल्या लाडक्या संघाचेच काळेपांढरे पट्टेवाले सदरे तुरीनला धाडले.

म्हणजे पाहा, नावात ठरवून आणलेली विद्वत्ता आणि रंगात दुसऱ्याची आवडनिवड. नावाचा अर्थ शब्दकोशात सापडतो, रंगाचा अर्थ सापडत नाही, कारण तो नव्हताच. पुढे लोकांनी त्यात कणखरपणा वगैरे भरला. शतकाहून अधिक काळानंतर, सप्टेंबर 2011मध्ये, युव्हेंतुसने नवं मैदान उघडलं तेव्हा पहिल्या मैत्रीपूर्ण सामन्याला नॉट्स काउंटीलाच बोलावलं. सामना 1-1 असा सुटला. गुलाबी रंगही पुरता गेला नाही. 2015-16च्या हंगामात दुसरा पोशाख गुलाबी होता, आणि 2019-20मध्ये पट्टे काढून सदरा अर्धा काळा, अर्धा पांढरा केला तेव्हा मधोमध गुलाबी रेघ होती. त्यावर चाहत्यांची बरीच आदळआपट झाली होती.

* * *

व्याकरणाच्या अंगाने एक भर. 'ब्यांकोनेरी' हा आपल्या पीतांबरासारखा बहुव्रीही म्हणायला हरकत नाही: पांढराकाळा पोशाख ज्यांचा, ते. पण एक फरक आहे. मराठीत 'काळापांढरा'चे दोन्ही तुकडे बदलतात: काळेपांढरे, काळीपांढरी. इटालियनमध्ये पहिला तुकडा जसाच्या तसा राहतो आणि फक्त शेवटचा वाकतो. एक खेळाडू असेल तर ब्यांकोनेरो, अनेक असतील तर ब्यांकोनेरी. 'ब्यांकीनेरी' म्हणत नाहीत. मिलानचे 'रोस्सोनेरी' (लाल-काळे) याच साच्यातले, आणि मिलान शहरातल्याच इंटर या दुसऱ्या क्लबचे 'नेराझ्झुर्री' (काळे-निळे) यांचाही तोच नियम, फक्त जोडणीत पहिल्याचा शेवटचा स्वर गिळला जातो.

तेच पट्टे नॉटिंगहॅममध्ये पक्षी झाले आणि तुरीनमध्ये जनावर! नॉट्स काउंटीला 'मॅगपाईज' म्हणतात, युव्हेंतुसला 'झेब्रे'. मॅगपाय म्हणजे आपला दयाळ नव्हे बरं का. दयाळ काळापांढरा असला तरी वेगळा. मॅगपाय कावळ्याच्या कुळातला, लांब शेपटीचा.

* * *

ज्युनिअर म्हटल्यावर अर्जेंटिनाचा बोका ज्युनिअर्स हा क्लब आठवणारच. आपल्याला आधी मांजर दिसतं, पण स्पॅनिशमध्ये 'बोका' म्हणजे तोंड. ब्वेनोस आइरेसमधला नदीच्या मुखाजवळचा ला बोका हा भाग, तिथली पोरं, म्हणून हे नाव. 1905 साली हा क्लब निघाला, तोही जेनोवाकडच्या स्थलांतरितांच्या मुलांचा. त्यांच्या निळ्या-पिवळ्या रंगांची कथा अशी सांगतात, की बंदरात जे पुढचं जहाज येईल त्याच्या झेंड्याचे रंग घ्यायचे असं ठरलं, आणि आलं ते स्वीडनचं. खरं-खोटं बंदरालाच ठाऊक, पण रंग जुळतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा 'यंग बॉईज' (1898) धरला, तर एकाच धातूचे तीन क्लब झाले.

* * *

मूळ प्रश्नकर्ता: सगळ्यांचे आभार. 'युव्हेंतुस' पटलं. पण आता लिंगाचं काय? युव्हेंतुस जिंकला, जिंकली की जिंकलं?

* * *

इटालियनमध्ये ती स्त्रीलिंगी आहे, 'ला यूव्हे'. लॅटिन शब्दच स्त्रीलिंगी. तुरीनचाच दुसरा क्लब तोरिनो मात्र पुल्लिंगी, मिलान पुल्लिंगी, रोमा स्त्रीलिंगी. युव्हेंतुसचं लाडाचं नाव 'वेक्क्या सिन्योरा', शब्दशः म्हातारी बाई. नावात तारुण्य आणि टोपणनावात वार्धक्य, हा विनोद इटालियनांना फार आवडतो. मराठीत 'म्हातारी' म्हटलं तर टिंगल वाटते, 'वृद्धा' म्हटलं तर काठी दिसते. 'थोरल्या बाईसाहेब' चालेल. त्यात वयही आहे आणि दराराही.

मराठीत क्लबच्या नावाचं लिंग ठरवण्याचा पक्का नियम नाही. भारत हरला, श्रीलंका हरली, इंग्लंड हरलं, हे आपण न शिकता बोलतो. शब्दाच्या शेवटावर कान जातो. 'स'कारान्त परकी नावं बहुतेकांच्या तोंडी पुल्लिंगात जातात, मनात 'संघ' हा शब्द असतोच. तेव्हा 'युव्हेंतुस हरला' सहज वाटेल. चाहता असाल आणि 'हरली' म्हणालात तरी मूळ भाषेला धरूनच होईल.

विजयाची बातमी असेल तर सुटका आहे: 'युव्हेंतुसने सामना जिंकला'. क्रियापद सामन्यामागे जातं, क्लबचं लिंग विचारायला कुणी येत नाही. अडचण पराभवातच येते, कारण 'हरणे' या क्रियापदाला 'ने' खपत नाही. मथळेवाले तिथे 'युव्हेंतुस पराभूत' असं लिहून मोकळे होतात.