ब्रूपबमधली ताजी बिअर आणि निवांत जेवण: तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात आम्ही चौघं ऑफिस सुटल्यावर शहराच्या मध्यवस्तीतल्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर तिथेच बनवणाऱ्या पबमध्ये, जेवायला गेलो आणि साडेतीन तास कसे गेले कळलं नाही. आमच्या टेबलामागे काच होती. काचेपलीकडे माणसापेक्षा उंच स्टीलच्या टाक्या, आणि त्यातल्या एकीखाली पाण्याची साधी बादली. टाकीतून आलेली जाड नळी त्या बादलीत बुडवलेली, आणि पाण्यात सारखे बुडबुडे. वाढणाऱ्या दादांना विचारलं, तर म्हणाले, "आत यीस्ट साखर खातंय. तिची दारू होते आणि वायू असा बाहेर पडतो." जेवताना माझं अर्धं लक्ष त्या बादलीकडेच होतं.

आम्ही छोट्या ग्लासांचा टेस्टर ट्रे मागवला. मी उत्साहात आधी स्टाउट ही काळी बिअर प्यायले आणि त्यानंतर गव्हाची बिअर अगदी पाण्यासारखी लागली. हलकीपासून सुरुवात करून कडू आणि गडद बिअर शेवटी घ्यायची, हे तिथे कळलं. तोंड धुऊन, थोडा ब्रेड खाऊन पुन्हा गव्हाची घेतली, तेव्हा तिला चक्क पिकलेल्या केळ्याचा वास आला, मागे थोडी लवंग. मला वाटलं इसेन्स घातलाय. नाही, तो वास यीस्टच तयार करतं. केळ्यात जे सुगंधी द्रव्य असतं तेच या यीस्टकडून बिअरमध्ये उतरतं.

एकच गोष्ट खटकली. मला पिल्सनर हवी होती, ती संपली होती. "अजून तीन आठवडे लागतील," म्हणाले. स्वतः बनवणाऱ्यांकडे इतके दिवस का लागावेत?

आता तुम्ही लिहा. काय प्यायलात, सोबत काय खाल्लंत, कुठे फसगत झाली. बारीकसारीक तपशीलही चालतील.

* * *

ताई, फसगतीपासूनच सुरुवात करतो. मला तिखट लागतं, म्हणून सगळ्यात झणझणीत पदार्थ मागवला आणि सोबत फलकावरची सगळ्यात कडू आयपीए (इंडिया पेल एल, कडवट चवीची बिअर). दुसऱ्या घोटाला तोंडाची आग आग झाली. हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं) कडूपणा तिखटाला आणखी चेतवतो, त्यात फेसाळ वायू आणि जास्त अल्कोहोल. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी सुचवलं म्हणून गोडसर, माल्टकडे (मोड आणून वाळवलेल्या धान्याकडे) झुकणारी तांबूस बिअर घेतली आणि तेच ताट आवडीने संपवलं.

तेव्हापासून फलकावरचा आयबीयूचा आकडा बघतो. तो कडूपणा सांगतो. साध्या हलक्या लागर बिअरचा दहाच्या आसपास असतो, आयपीएचा ५० ते ७० सहज. पण माल्टचा गोडवा भरपूर असेल तर मोठा आकडाही जिभेला तितका बोचत नाही, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आधी एक घोट चाखायला मागा. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही.

* * *

माझा अनुभव बाबांबरोबरचा आहे, जरा लांबेल.

बाबा निवृत्त शिक्षक, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. तीस वर्षं एकच बाटलीबंद बिअर प्यायले, तीही बर्फासारखी गार. वाढदिवसाला त्यांना ब्रूपबमध्ये नेलं. काळी बिअर बघून म्हणाले, "ही कडक असणार, मला नको." मी फलक दाखवला: काळी स्टाउट ४.२ टक्के आणि तिच्याच खाली सोनेरी रंगाची बेल्जियन धाटणीची ८.५ टक्के. रंगाचा आणि अल्कोहोलचा संबंध नाही हे त्यांना आकड्यावरूनच पटलं. काळा रंग येतो तो कॉफीसारख्या करपवून भाजलेल्या बार्लीचा.

स्टाउट आली तर पुन्हा तक्रार, "ही गार कुठे आहे?" तेवढ्यात ब्रूअर स्वतः टेबलाशी आला. तिशीतला मुलगा, पायात रबरी बूट. म्हणाला, "काका, फार गार असली की जीभ बधिर होते. दहा अंशांच्या आसपास हिची चव खुलते. पाच मिनिटं ग्लास हातात धरा." बाबांनी खरंच दोन्ही तळव्यांत ग्लास धरला. मग नाक जवळ नेलं आणि मला म्हणाले, "अरे, कॉफी."

पुढचा अर्धा तास त्या दोघांचा होता. त्याने दोन वाट्यांत धान्य आणलं, एका वाटीत फिकं माल्ट आणि दुसरीत काळं भाजलेलं. बाबांनी फिकं चावलं तर बिस्किटासारखं गोडसर, काळं राखेसारखं कडू. बार्लीला मोड आणून वाळवतात तेव्हा तिच्यात विकरं तयार होतात. दळलेलं माल्ट ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की ती स्टार्चची साखर करतात. बाबांनी विचारलं, "तापमान चुकलं तर?" तो म्हणाला, "थोडं वर गेलं तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते आणि बिअर जड होते. फार वर गेलं तर विकरंच मरतात." बाबांचा चेहरा वर्गात असायचा तसा झाला होता.

ताई, तुमच्या पिल्सनरचं उत्तर त्यातच मिळालं. एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट साधारण २० अंशांवर काम करतं, दोनेक आठवड्यांत बिअर ग्लासात येते. पिल्सनर ही लागर. तिचं यीस्ट दहा-बारा अंशांवर सावकाश आंबवतं आणि नंतर ती कित्येक आठवडे शून्याच्या जवळ मुरत ठेवतात. १८४२ साली आजच्या चेकियातल्या पिल्सन गावात पहिल्यांदा बनली तीही अशी थंडाव्यात मुरवूनच. तेवढे दिवस टाकी अडकते, म्हणून छोट्या ब्रूपबमध्ये लागर कमी असतात.

* * *

एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) बिअरला लोण्याचा वास येत होता, गरम पॉपकॉर्नसारखा. सांगितलं तर "ही अशीच असते" म्हणाले आणि बिलात लावली. वाईट वाटलं.

* * *

वरच्या प्रतिसादाला: मी घरी बिअर बनवते, म्हणून सांगते. हा बहुधा डायअॅसिटिल, लोण्यासारखा वास देणारा पदार्थ. आंबताना तो तयार होतोच. यीस्टला शेवटी दोन-तीन दिवस दिले तर तेच तो परत शोषून घेतं. घाई केली तर राहतो. नळाच्या पाइपांची सफाई नीट नसली तरी येतो. तुमची तक्रार रास्त होती, ग्लास बदलून द्यायलाच हवा होता.

* * *

मी पीत नाही, गाडी चालवायला गेले होते. तरी संध्याकाळ माझीही झाली. त्या दिवशी त्यांचं ब्रूइंग चालू होतं, सगळीकडे ओल्या, गरम धान्याचा वास. विचारल्यावर छोट्या कपात वर्ट दिलं, म्हणजे यीस्ट घालण्याआधीचा, हॉप्सही न पडलेला गोड रस. कोमट, दाट, मधासारखा. पिणाऱ्यांना एवढंच सांगते: प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी घ्या, पोटात अन्न असू द्या आणि टक्के बघून ऑर्डर द्या. ८ टक्क्यांचा एक ग्लास म्हणजे तेवढ्याच मापाच्या ४ टक्क्यांचे दोन. आमच्यातल्या एकाने ते धरलं नव्हतं आणि घरी पोचेपर्यंत मला दोनदा गाडी थांबवावी लागली.

* * *

जेवणानंतर चॉकलेट केक आणि स्टाउट. एकदा घ्याच.

* * *

धागा काढला तेव्हा एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबांचा अनुभव तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. आज ब्रूपबला फोन केला. पिल्सनर चौथ्या टाकीत मुरतेय, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नळाला लागेल म्हणाले. टेबल सांगून ठेवलंय, काचेजवळचं.