झोपेत जबडा खाली का येतो
ताई, बाबा धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, उताणे झोपले की तोंड उघडं राहतं, हा आजार तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. नुसतं तेवढंच असेल तर घाबरू नका. जागेपणीही ओठ मिटलेले असताना वरच्या-खालच्या दातांत साधारण 2 ते 4 मिलिमीटर फट असते. स्नायूंनी जबडा तोलून धरलेला असतो. झोप लागली की ते सैलावतात. उताणं असल्यावर जबडा खाली येतो, थोडा मागेही सरकतो आणि जिभेचं बूड घशाकडे जातं. कुशीवर हे बरंच कमी होतं, म्हणून बाजेवर पाठीशी गोधडीची वळकटी लावून बघा. मात्र घोरता घोरता श्वास अडकून ते दचकून उठत असतील, तर जळगावला कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवाच.